कै. डॉ. इरावतीबाई कर्वे : एका शास्त्रज्ञ भगिनीची ओळख

इरावतीबाई कर्वे हे नाव आपल्या मंडळातील भगिनींस अपरिचित नाही. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांची सून, 'युगान्त'ची लेखिका, पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालविणारी पहिल्यावहिल्या बायकांपैकी एक, एवढी ओळख बहुतेकींना असते. परंतु ज्या कामाकरिता त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे वेचली, ते काम पुष्कळसे इंग्रजीत लिहिलेले असल्यामुळे आपल्या घरांपर्यंत फारसे पोचले नाही. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने त्या कामाविषयी लिहावे हे धाडसच आहे. तरीही वर्धापनदिनाच्या या अंकात त्यांचे चरित्र यावे असे वाटले, कारण ज्या प्रश्नाचा त्यांनी जन्मभर शोध घेतला, तो प्रश्न आपल्या उंबऱ्याशी रोजच उभा असतो. माणसाची योग्यता त्याच्या जन्मावरून, रंगावरून, गोतावरून ठरवावी काय, हाच तो प्रश्न होय.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे कापसाच्या कंपनीत इंजिनीयर होते. त्या देशातील मोठी नदी इरावती. तिचेच नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी पुण्यास धाडले आणि हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवले. आईबाप समुद्रापलीकडे आणि पोर इकडे, अशी ती अवस्था! पण शाळेत तिला रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला ही मैत्रीण मिळाली, आणि परांजप्यांच्या घराने या परक्या मुलीला आपलीच दुसरी लेक मानून सांभाळले. त्या घरात पुस्तके होती, चर्चा होत्या, आणि मुलीने प्रश्न विचारला तर तिला गप्प बसविण्याची रीत नव्हती. पुढे कोणासही न भिता प्रश्न विचारण्याची जी सवय इरावतीबाईंच्या अंगी दिसते, तिचे बाळकडू या घरातले असावे.

१९२२ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या आणि १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. झाल्या. नंतर दक्षिणा फेलोशिप मिळाल्यामुळे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रसिद्ध प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास सुरू केला. १९२८ साली एम. ए. साठी त्यांनी प्रबंध लिहिला, तो आपल्याच चित्पावन जातीवर. दुसऱ्याच्या घरातील भांडी मोजण्यापूर्वी आपल्या घरातील मोजावी, असाच हा न्याय झाला. याच सुमारास त्यांचा विवाह अण्णासाहेब कर्व्यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जर्मनीत शिकून आलेले. पत्नीनेही तेथे जाऊन पुढचे शिक्षण घ्यावे असे त्यांच्या मनाने घेतले.

स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी सारे आयुष्य झिजविले, त्या अण्णांनाच सुनेचा हा परदेशगमनाचा बेत पसंत नव्हता. परंतु दिनकरराव आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पैशांचा प्रश्न होता. काँग्रेसचे कार्यकर्ते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० मध्ये गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२८ च्या अखेरीस बाई जर्मनीस निघाल्या. वय अवघे तेवीस वर्षांचे!

बर्लिन शहरात कैसर विल्हेल्म यांच्या नावाने चालणारी मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था होती. तिचे प्रमुख प्राध्यापक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. निरनिराळ्या वंशांची माणसे मुळातच उच्च आणि नीच असतात, गोरा वंश सर्वांत वरचा, अशा विचारांचा त्या संस्थेत जोर होता. फिशर यांचा असा तर्क होता की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि हे त्याच्या अधिक बुद्धीचे लक्षण आहे. हा तर्क तपासून पाहण्याचे काम त्यांनी आपल्या हिंदी विद्यार्थिनीवर सोपविले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. त्यांत गोऱ्यांच्या होत्या, तशा आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी हातात घ्यावयाची, डावी बाजू मोजावयाची, उजवी मोजावयाची, आकडा टिपावयाचा, आणि पुन्हा पुढची कवटी उचलावयाची. असे महिनोन् महिने चालले. शेवटी हिशेब मांडला तेव्हा दिसले ते असे की, कवटी थोडीफार वाकडी कोणाचीही असते. गोऱ्याची असते, काळ्याचीही असते. तिचा वंशाशी काही संबंध लागत नाही. बाईंनी प्रबंधात तेच लिहिले.

हे लिहिणे सोपे नव्हते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. देश परका, भाषा परकी, अंगावर कर्ज, घरी परत जाऊन तोंड दाखवावयाचे. पदवी द्यावयाची की नाही हे ज्यांच्या हाती, त्यांचेच म्हणणे खोटे ठरत होते. आकड्यांत थोडी इकडची तिकडे केली असती तर कोणास कळणार होते? परंतु बाईंनी गुरूचा मान ठेवला आणि आकड्यांचाही ठेवला. पदवी मिळाली, पण गुण अगदी खालच्या श्रेणीचे मिळाले. १९३१ साली तो प्रबंध जर्मन भाषेत छापून निघाला.

त्या प्रबंधाची किंमत पुढच्या काही वर्षांत जगाला कळावयाची होती. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली. फिशर यांच्यासारख्या विद्वानांच्या वंशविचारांचा नाझींनी आधार घेतला आणि स्वतः फिशरही पुढे त्या पक्षाचे सभासद झाले. १९३५ च्या कायद्याने ज्यू लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. पिढ्यान् पिढ्या त्या देशात राहिलेली, त्या देशासाठी लढलेली माणसे एका कागदाने परकी ठरली. कित्येक लाख लोक घरदार सोडून निर्वासित झाले. ज्यांना पळता आले नाही अशांसह युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार झाला. पुस्तकात केलेली उच्च-नीच वाटणी प्रथम कायद्यात उतरते, मग दाराशी येते, हे या इतिहासाने दाखविले. हे सर्व घडण्यापूर्वी, त्याच शहरात, एका मराठी मुलीने मोजून सांगितले होते की या वाटणीला आधार नाही.

मायदेशी आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी अण्णांच्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या, कुलसचिव म्हणून काम पाहिले. कचेरीतील फायली त्यांनी सांभाळल्या खऱ्या, पण जीव संशोधनात होता. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या, आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्या विभागाच्या प्रमुख राहिल्या. पुराणवस्तुशास्त्रज्ञ डॉ. हसमुख सांकळिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खननात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे मिळाले, त्याही कामात त्या होत्या. १९४७ साली दिल्लीस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुढे लंडन येथे आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले.

परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे आपला महाराष्ट्र. मापे घेण्याची हत्यारे पिशवीत घालून, मिळेल त्या गाडीने आणि नसेल तेथे पायी, त्या गावोगाव हिंडल्या. खानदेशातील भिल्ल पाहिले, मराठ्यांची मापे घेतली, गावचा आठवड्याचा बाजार कसा भरतो आणि तेथे कोण कोणाशी बोलतो याचीही पाहणी केली. या हिंडण्यातून जातीविषयी त्यांचे असे एक मत तयार झाले. पूर्वी एक मोठी जात होती आणि ती फुटून पोटजाती झाल्या, असे घुर्ये सरांचे म्हणणे. इरावतीबाईंना तसे आढळेना. उदाहरण म्हणून त्यांनी कुंभार घेतले. आपण साऱ्यांना कुंभार म्हणतो. पण कोणी मोठ्या चाकावर घडवितो, तो थोरचाके. कोणी लहान चाकावर, तो लहानचाके. त्यांचे एकमेकांत लग्नव्यवहार नाहीत, चालीरीती निराळ्या, आणि मापे घेतली तर शरीराची ठेवणही निराळी. म्हणजे हे एका घरातून फुटलेले भाऊ नव्हेत. निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन एकच धंदा करू लागलेले शेजारी आहेत. ब्राह्मण म्हणविणाऱ्या निरनिराळ्या गटांचेही थोडेफार असेच. असे मत मांडताना पुन्हा एकदा त्यांना आपल्या गुरूच्या विरुद्ध जावे लागले.

या मताचा अर्थ मी माझ्या बुद्धीप्रमाणे असा लावते. आपला समाज गोधडीसारखा आहे. कोणते ठिगळ कोणत्या लुगड्याचे, कोणते धोतराचे, ते निरनिराळ्या वेळी येऊन जोडले गेले. मूळ कापड अमुक आणि बाकीची ठिगळे हलकी, असे म्हणावयास जागाच नाही. ऊब सगळ्यांची मिळून आहे.

१९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ जगभर मान्यता पावला. त्याचा विषय मात्र आपल्या स्वयंपाकघरात बसूनही कळण्यासारखा आहे. कोणाची मुलगी कोणाला द्यावयाची, सासऱ्याला काय म्हणावयाचे, दिराशी कसे वागावयाचे, हे सारे त्यांनी प्रांताप्रांतांतून गोळा केले. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध. मुलगी दूरच्या, अनोळखी घरी जाते आणि डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढते. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, कित्येक जातींत बहिणीचीही मुलगी करतात. तेथे सासू ही बहुधा आधीपासूनच आत्या किंवा आजी असते, त्यामुळे सुनेला तेवढा परकेपणा नाही. आपला महाराष्ट्र मध्ये पडतो. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. एका प्रांतात जे पाप, ते शेजारच्या प्रांतात शुभकार्य! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही, रूढी असेल तेथे अशा विवाहांस मोकळीक ठेवलेली आहे. एका देशाचे नागरिक होण्यासाठी सर्वांची चूल एकाच पद्धतीची असावी लागत नाही, हे यातून उमजते.

तथापि भेद समजून घेणे निराळे आणि भेदामुळे माणसाला दूर लोटणे निराळे. पंढरीच्या वारीवर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला आहे, तो प्रत्येकीने वाचावा. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पायी चालल्या. आनंदाचे, भक्तीचे, चालणाऱ्या बायकांच्या सुखदुःखाचे वर्णन त्यात आहेच. पण एकाच दिंडीत, तोंडी तेच अभंग असताना, ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या, आणि जेवण झाल्यावर त्या बायका आपल्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या हे त्यांनी टिपून ठेवले. बर्लिनमध्ये जे कवट्यांवरून कळले, ते येथे भाकरीवरून कळले, असे म्हटले तर चुकणार नाही.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम हाती घेतले, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर मोठे धरण झाले. १९६२ पासून तेथून वीज मिळू लागली, मुंबईपर्यंत दिवे लागले, गिरण्या चालल्या. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि त्या वाजविण्यासारखेच ते काम होते. परंतु ज्यांची गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली, त्यांचे काय झाले? स्वतःच्याच देशात, एकही लढाई न होता, ती माणसे निर्वासित झाली होती. कोणी कोकणात नेऊन वसविली, कोणी देशावर. इरावतीबाईंनी आपल्या कन्या जाई निंबकर यांच्यासह या लोकांची पाहणी केली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. धरणाची भिंत बांधताना जेवढा बारकाईने विचार झाला, तेवढा माणसे वसविताना झाला नाही, हे त्या पाहणीने पुढे मांडले. नुकसानभरपाईचे पैसे हाती पडून संसार पुन्हा उभा राहत नाही. जमीन लागते, पाणी लागते, आणि आपली माणसे जवळ लागतात.

आप्तसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनाच हे काम सुचावे, यात मला नवल वाटत नाही. खोऱ्यातील लेकी एका दिवसाच्या वाटेवर दिलेल्या असतात. सणाला भाऊ मुऱ्हाळी येतो, बाळंतपणाला आई येते. गाव उठले की हे सारे धागे तुटतात. घर गेले तर दुसरे बांधता येईल, पण ज्या सुनेचे माहेरच पाण्याखाली गेले तिने नागपंचमीला कोणत्या वाटेकडे डोळे लावावेत? जमाखर्चाच्या वहीत या नुकसानीला रकाना नसतो.

याच सुमारास, १९६७ मध्ये, त्यांचा 'युगान्त' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला लाभला. त्यात द्रौपदी, कुंती, गांधारी यांच्याकडे त्यांनी देव्हाऱ्यातील मूर्ती म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिले आहे. पण मयसभेवरील प्रकरणही मुद्दाम वाचावे. इंद्रप्रस्थ वसविण्यासाठी खांडववन जाळले गेले. त्यात राहणारे नाग, पशू, पक्षी यांना बाहेर पडू दिले नाही. कीर्तनात हा पराक्रम म्हणून आपण ऐकतो. इरावतीबाईंनी विचारले की, एवढ्या संहाराने मिळविले ते काय? प्रत्यक्ष कृष्णार्जुनांसही त्यांनी हा प्रश्न विचारावयास मागेपुढे पाहिले नाही. नव्या नगरीचा पाया कोणाच्या घरावर घातला, ही चौकशी महाभारतात करणारी बाई कोयनेच्या काठी ती केल्यावाचून कशी राहील?

त्यांच्या घरगुती आयुष्याविषयीही लिहिले पाहिजे. पती-पत्नी एकमेकांस नावाने हाक मारीत, आणि जाई, आनंद व गौरी ही मुलेही आईबापांस इरू आणि दिनू असेच म्हणत. त्या कुंकू व मंगळसूत्र वापरीत नसत. त्या काळच्या पुण्याने या गोष्टींची चर्चा चवीने केली असणार. पण त्याच बाई सासऱ्यांविषयी जिव्हाळ्याने लिहीत, मुलांचे करीत आणि प्रबंधही लिहीत. समारंभात अमक्याची सून, अमक्याची पत्नी, अमक्याची आई अशीच आपली ओळख करून दिली जाते, यावर 'परिपूर्ती' या लेखात त्यांनी जे हसतखेळत लिहिले आहे, ते वाचून आपल्यातील प्रत्येकीला आपलीच गोष्ट वाटेल. इतकी विद्वत्ता अंगी असून ओळख तीच, मग आपली कथा काय!

त्यांच्या कामात दोष नव्हते असे नाही. आजचे अभ्यासक म्हणतात की, वंशाची उतरंड नाकारूनही शरीरे मोजण्याची जर्मनीतील पद्धत त्यांनी फार वर्षे सोडली नाही. आणि भारतीय समाजाविषयी लिहिताना हिंदूंचाच विचार अधिक केला, मुसलमान व इतर धर्मीय बाजूला राहिले. हे आक्षेप बिनबुडाचे नाहीत. परंतु गुरूचे म्हणणेही तपासून घ्यावे, हे तर त्यांनीच शिकविले. तेव्हा त्यांचे म्हणणे कोणी तपासले तर त्यांचा राग झाला नसता, असे वाटते.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट वर्षांचे होते. पुढे १९७६ साली, धरणासारख्या प्रकल्पांमुळे उठलेल्या लोकांचे पुनर्वसन करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. तो पाहावयास त्या नव्हत्या. पुणे विद्यापीठातील मानवशास्त्राच्या संग्रहालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

आपल्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून आपणा सर्वांस सारखे नागरिक केले. कायद्याच्या पुस्तकात ते काम एका दिवसात झाले. वस्तीत, नळावर, हळदीकुंकवाच्या बैठकीत ते अजून चालू आहे. नवे बिऱ्हाड शेजारी आले की ते कुठले, कोणाचे, ही चौकशी आपण भांडी लागण्यापूर्वीच करतो. इरावतीबाई सुद्धा चौकशी करीत. इतकी की तेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. परंतु त्या विचारीत ते माणूस जाणून घेण्यासाठी, त्याला कोणत्या पायरीवर बसवावे हे ठरविण्यासाठी नव्हे. आपल्या मंडळात निरनिराळ्या गावांच्या, जातींच्या, भाषांच्या भगिनी एका सतरंजीवर बसतात. त्या सतरंजीवर अजून कोण आलेले नाही, एवढा विचार या वर्धापनदिनी आपण केला, तर त्या थोर विदुषीला आदरांजली वाहिल्यासारखे होईल.